माळावरचं गवत: कापावं, चारावं की बंद ठेवावं?

माणदेशी_माळ:
नमस्कार मंडळी. माण तालुक्यात आमचा पाचेक एकर मुरमाड माळ आहे, कधी नांगराखाली आला नाही. वडिलांच्या काळी पवना आणि डोंगरी गवत इतकं यायचं की दिवाळीनंतर गंजी लागायची. आता निम्मा माळ कुसळी गवतानं भरलाय आणि बाकी मुरूम उघडा पडलाय. दोन म्हशी, एक गाय, आठ-दहा शेळ्या आहेत. मृगाच्या पावसानं माळ हिरवा दिसला की जनावरं सोडतो, कारण तोवर कडबा संपलेला असतो. थोरले बंधू म्हणतात, सरळ चराई बंद करा. चुलते म्हणतात, जनावराचं तोंड लागल्याशिवाय गवताला फुटवा येत नाही. जाणकारांनी सांगावं.

शिवारकर:
थोरल्यांचं ऐका. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी दोन्हीकडे चराईबंदी केली, डोंगर गवतानं भरले. विळ्यानं कापा आणि गोठ्यात घाला. विषय संपला.

कुरणवाली:
माणदेशीदादा, तुमच्या माळाचं नुकसान दुसऱ्या घासात होतंय. सविस्तर लिहिते, कारण असे माळ उघडे पडताना बघवत नाही.

गवताचा वाढीचा कोंब सुरुवातीला बुडख्यात, जमिनीलगत असतो. पानही टोकाला वाढत नाही, बुडाकडून वर सरकतं. त्यामुळे वरचं पान खाल्लं तरी तेच पुन्हा लांब होतं. पण पहिल्या पावसात नवं पान काढायला लागणारी साखर बुडख्यात आणि मुळांत गेल्या हंगामात साठवलेली असते. तीन-चार पानं पुरती उघडली की मग पानं स्वतः कमवायला लागतात. तुमची जनावरं नेमकी त्याआधी माळावर जातात. पहिला घास गेला, गवतानं उरलीसुरली पुंजी मोडून पुन्हा पानं काढली, आणि शेळी तीच कोवळी पानं शोधत आठवड्यात परत आली. त्यात तुमच्याकडे मृगानंतर कित्येकदा महिनाभर उघडीप. ओल नाही, पान नाही, पुंजी नाही. ठोंब तिथंच खचतो.

मुळांचं तर आपल्याला दिसतच नाही. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यातल्या क्रायडर यांनी गवतं वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांची वाढ पाहिली आणि 1955 मध्ये निष्कर्ष मांडले. हिरव्या भागातला 40 टक्के काढला तर मुळांची वाढ थांबली नाही. 50 टक्क्यांना जेमतेम फरक. 60 टक्क्यांना निम्मी मुळं थांबली, 70 ला तीन चतुर्थांशांहून जास्त, आणि 80 टक्के काढल्यावर सगळीच, साधारण 12 दिवस. तेही एकदाच कापल्यावर! गवतं तिथली होती, आपला पवना नव्हे. आकडे जसेच्या तसे लावू नका. पण पन्नासच्या पुढे उतार किती तीव्र आहे ते बघा. मुरमावर मूळ उथळ राहिलं की उघडीप सोसत नाही.

पवना सगळ्यात चवदार, म्हणून जनावर आधी तोच शोधून खातं. दख्खनच्या माळांवर घसरण बहुधा याच क्रमानं होते: पवना जातो, डोंगरी काही काळ तग धरतं, मग कुसळी, आणि शेवटी वर्षायू, म्हणजे एकच हंगाम जगणारी बारीक कुसळं. तुमचा माळ तिसऱ्या पायरीवर आहे. बुडखे शिल्लक असतील तर परत येईल.

चुलत्यांचं म्हणणं खोटं नाही. शेंडा खुडला गेला, बुडाशी उजेड पोचला की बाजूचे डोळे जागे होतात. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे प्रचंड कळप चरून गेल्यावर त्या जागी दाट कोवळं गवत फुटलं, असं संशोधक मॅकनॉटन यांनी 1976 मध्ये लिहिलं. पुढे गॅझेल हरणं तिथंच चरायला आली. पण ते कळप निघून जातात. तुमच्या शेळ्या रोज तिथंच असतात.

आणि शिवारकर, पहिली दोन-तीन वर्षं बंदी उत्तमच, उघड्या मुरमाला तर हवीच. पण न कापता, न चारता वर्षानुवर्षं ठेवलं तर जुन्या वाळक्या काड्या ठोंबावर साचतात, सावलीत फुटवे मरतात आणि उन्हाळ्यात एका ठिणगीचं भय. कापणीही चराईच आहे, फक्त विळा निवड करत नाही.

वाड्यावरचा:
ताई बरोबर बोलल्या. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की कोकणाकडं उतरायचं, पावसाच्या तोंडावर माघारी. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ, तो एका जागी फार दिवस ठेवत नव्हतो, आजा म्हणायचा गवताला उसंत द्या. आता कुंपणं झाली, वाटा बुजल्या, उरलेल्या माळावर सगळ्यांचीच मेंढरं. मेंढराचं तोंड गाईपेक्षा खाली जातं, गाय जिभेनं ओढून खाते. एवढं ध्यानात ठेवून जनावर सोडा.

माणदेशी_माळ:
पटलं. पण जून-जुलैत घालू काय? आणि कापायचं केव्हा?

कुरणवाली:
बाभळीच्या फांट्यांचं कुंपण घालून माळाचे चार तुकडे करा. गोठ्याजवळचा, आधीच खराब असलेला एक तुकडा त्या दोन महिन्यांसाठी द्या आणि तो दरवर्षी बदला. शेळ्यांना बोर-बाभळीचा पाला जास्त द्या. बाकीचे तीन तुकडे गवत वीतभर होईपर्यंत बंद. मग एकेकावर थोडे दिवस चराई, बुडाशी चार बोटं राहिलं की बाहेर, आणि पुन्हा वीतभर झाल्याशिवाय आत नाही.

या तीनपैकी एक तुकडा मात्र यंदा अजिबात चारू नका. गवत फुलोऱ्यात कापलं तर चारा कसदार मिळतो, हे खरं. पण तोवर कोंब दांड्यासोबत वर आलेला असतो. तो कापला की बुडातून नवा फुटवा यावा लागतो, आणि उत्तरा-हस्तानंतर ओल नसेल तर तो येत नाही. तुमच्या माळाला आधी बी हवंय. म्हणून पवन्याचं बी झडू द्या, दिवाळीच्या आसपास कापा, विळा चार बोटं वर धरून. चारा थोडा रुक्ष होईल, पण पुढच्या जूनची गंजी तीच.

चरणाऱ्या तुकड्यात मीटरभर जागेवर तारेच्या जाळीचा पिंजरा उपडा घालून दगडांनी दाबा. हंगामाच्या शेवटी आतलं आणि बाहेरचं तेवढ्याच जागेतलं गवत कापून वाळवा, तोला. भावकीपुढे दोन्ही पेंढ्या ठेवा. पिंजऱ्यात पवन्याचे ठोंब किती निघाले ते इथं जरूर कळवा.