मदत हवी आहे: डावऱ्या हाताने लाकडं फोडताना घाव तिरका जातो

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडजवळ राहतो. पावसाआधी पडवीत लाकडं रचून ठेवायची असतात, यंदा फोडायचं काम माझ्याकडे आलंय. मी डावरा. कुऱ्हाड उचलताना डावा हात पात्याजवळ, उजवा दांड्याच्या टोकाला. घाव घालताना डावा सरकत खाली येतो.

सुरूचे सुके, सरळ ओंडके असले की भेगेवर घाव बसताच दोन फाका होतात, त्यांची तक्रार नाही. घोडं अडतं ते आंब्याच्या गाठाळ बुंध्यावर. घाव उजवीकडे तिरका जातो, पातं रुततं, आणि मग घण नि पाचर शोधत फिरा!

शेजारचे काका म्हणतात, हात बदल. मला ते पटत नाही. उजव्या हाताला नेमच नाही, घाव पायावर आला तर? पण पात्याची धार एकाच बाजूने जास्त घासलेली दिसते. कारण तेच असेल का? लोहाराकडून दोन्ही बाजू सारख्या करून घेऊ?

कोणी डावरे असाल तर पाय कसे ठेवता? गाठाळ बुंधा कडेकडेने सोलत आणता की थेट मधे पाचर ठोकता? मशीन घे म्हणू नका, इथल्या विजेचं तुम्हाला माहीतच आहे.