मदत हवी आहे: जर्नलच्या मागच्या पानावर हे सापडलं, आता काय करू?

खडूफळा:
जर्नलं तपासताना एका पोराच्या मागच्या पानावर दिसलं, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास. मी नसलो तर बरं.' पोरगा हुशार आहे. प्राचार्य म्हणतात, पालकांना बोलवा, पान दाखवा, विषय मिटवा. आधी मी त्याच्याशी बोलू का? उद्या कॉलेज आहे, लवकर सांगा.

शेंगाचटणी:
वो सर, कितवीतला? कधी लिहिलंय? घरी कोण असतं? नुसतं 'हुशार'वरून काय कळणार?

निवृत्त_मास्तर:
विषयच काढू नका. तो शब्द उच्चारला की पोराच्या डोक्यात शिरतो. मी वर्गात रोज दहा मिनिटं प्राणायाम घ्यायचो. तीस वर्षांत एक तक्रार नाही.

समुपदेशक_ताई:
मास्तर, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून पोरं मोकळी होतात. सर, आडून नको, सरळ विचारा: मरावंसं वाटतं का? कसं, कधी, काही ठरवलंयस का? हो म्हणाला तर क्षणभरही एकटं सोडू नका. आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका.

निवृत्त_मास्तर:
आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? पोरं टिकलीच ना!

शेंगाचटणी:
टिकली तीच दिसतात, मास्तर.

कोर्टकचेरी:
पोलीस केसला घाबरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आहे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच धरतात. शिवाय जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवाच. तुमच्याकडे आहे का?

खडूफळा:
पोलिसांचं कोण विचारतंय? समुपदेशक नाही, असता तर इथे आलो असतो का! अकरावी सायन्स. पानावर तारीख नाही. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, घरी तेलुगूच. आत्ता आठवलं, परवा त्याने स्वतःची बॅट मित्राला देऊन टाकली. मला वाटलं, अभ्यासाला लागला.

जुना_सायन्सवाला:
जर्नलला हल्ली किती मार्क असतात हो?

समुपदेशक_ताई:
सर, आवडीची वस्तू देऊन टाकणं ही धोक्याची खूण. उद्याची वाट बघू नका, आत्ताच घरी फोन करा. तेलुगू येणारे कोणी सहकारी असतील तर सोबत न्या. पान चारचौघांत वाचू नका. पानाबद्दल घरच्यांशी बोलणार आहे हे आधी त्याला सांगा. घरातली औषधं, घातक वस्तू कुलुपात ठेवायला सांगा. टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, तेलुगूतही बोलतात. तुम्ही स्वतःही लावू शकता. काही ठरवलंय म्हणाला तर थेट सिव्हिलला न्या.

निवृत्त_मास्तर:
बॅटचं आधी सांगायचं ना सर.

खडूफळा:
आईने फोन उचलला. तो घरीच आहे, धाकटी बहीण जवळ बसलीय. आमचे गणिताचे सर तेलुगू बोलतात, त्यांना घेऊन निघालो. अशोक चौकात आहे, नंतर लिहितो.

निवृत्त_मास्तर:
सावकाश जा. आधी जेवलास का विचारा त्याला.