सल्ला हवा: प्रसंग जमतात, पण कथा उभी राहत नाही

धागाकर्ती, कोपरखैरणे

नमस्कार. यंदा एका दिवाळी अंकासाठी पाठवलेली माझी सुमारे ३,००० शब्दांची कथा परत आली. संपादकांनी सोबत एवढेच लिहिले होते की प्रसंग चांगले आहेत, पण ते कोणत्याही क्रमाने लावले तरी फरक पडत नाही. शेरा मनाला लागला, कारण तो खरा आहे.

ठाण्याच्या नौपाड्यातील एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास व्हायचा आहे आणि पत्नीच्या निधनानंतर एकटे राहणारे वडील संमतिपत्रावर सही करत नाहीत. मुलगी त्यांची समजूत काढायला कोपरखैरण्याहून दर रविवारी जाते. ती ठाणे लोकलमध्ये बसते तेथून कथा सुरू होते, मग बालपणीच्या आठवणी येतात, मग तीन भेटी, आणि शेवटी वडील सही करतात. सुरुवात, मध्य आणि शेवट असा त्रिअंकी आराखडाही कागदावर काढून पाहिला. चौकटी भरल्या, पण कथा होती तशीच निपचित राहिली. दुरुस्ती कोठून सुरू करावी?

जुना सचिव, नौपाडा

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या वेळी मी सोसायटीचा सचिव होतो, त्यामुळे आधी वस्तुस्थितीकडे वळतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. म्हणजे तुमच्या कथेतील वडिलांनी सही केली नाही, तरी इमारत पडायची ती पडेलच, आणि ज्या पेचावर तुम्ही ३,००० शब्द उभे केले आहेत तो जाणकार वाचकाच्या दृष्टीने पेचच उरत नाही.

मात्र याच नियमात तुमची कथा दडलेली आहे. इमारतीत १६ सभासद आहेत असे धरा. १६ चे ५१ टक्के म्हणजे आठाहून किंचित अधिक, म्हणून नऊ जण हवेत. पहिल्या भेटीच्या वेळी सहा जण तयार असतील, दुसऱ्या भेटीपर्यंत आठ झाले असतील आणि उरलेल्यांपैकी सात जणांचा विरोध पक्का असेल, तर नववी सही वडिलांचीच उरते आणि तिसऱ्या भेटीला मुलगी जिना चढताना प्रत्येक मजल्यावरचे दार किलकिले होईल. आता या भेटींचा क्रम बदलून दाखवा! आणखी एक गोष्ट विचारतो: मुलीला ती सही नेमकी कशासाठी हवी आहे, वडिलांच्या काळजीपोटी की स्वतःच्या गृहकर्जाच्या हप्त्यांसाठी? तुमच्या मांडणीत हे कोठेच दिसत नाही.

खाडीपल्याड

त्रिअंकी आराखडा जमत नसेल तर आपल्या नाट्यशास्त्राकडे एकदा वळून पाहा. बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य या पाच अर्थप्रकृतींपैकी, म्हणजे कथानक पुढे नेणाऱ्या घटकांपैकी, कथाकाराला सर्वांत उपयोगी पडतो तो बिंदू. मध्येच दुसरा विषय निघून मुख्य हेतू तुटल्यासारखा झाला की त्याला पुन्हा जोडून पुढे नेणारी गोष्ट म्हणजे बिंदू. पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब पसरत जावा तसा तो पसरतो, असे जुन्या भाष्यकारांनी म्हटले आहे. तुमच्या आठवणी सुटलेल्या वाटतात, कारण त्यांतून वर्तमानाकडे आणणारे काहीच हाताशी नाही. घरातील एखादी साधी वस्तू निवडा आणि ती दर भेटीत थोड्या वेगळ्या अर्थाने येऊ द्या. कथानकाच्या पाच टप्प्यांना संधी म्हणतात; त्यांपैकी मधल्या, म्हणजे गर्भसंधीत, हवे ते मिळते, निसटते आणि पुन्हा शोधावे लागते. तुमच्या वडिलांचा नकार मात्र तिन्ही भेटींत एकाच उंचीवर राहतो. दुसऱ्या भेटीत त्यांना होकार देऊ द्या आणि तिसऱ्या भेटीआधी तो मागे घेऊ द्या.

रोजचा प्रवासी, ऐरोली

वरील प्रतिसाद विद्वत्तापूर्ण आहे, पण पहिला खर्डा होण्याआधी पाच संधींचा विचार करणारा लेखक बहुधा संधींवर टिपणच लिहून थांबतो. माझे मत असे की लोकलचा प्रवास पूर्ण काढून टाकावा. रबाळे सुटून ऐरोली येईपर्यंत काही मिनिटे जातात, आणि तेवढ्यात तुमच्या नायिकेला वीस वर्षे आठवतात. (कथा जानेवारी २०२४ नंतरची असेल, तर ऐरोली आणि ठाण्याच्या मध्ये दिघा गाव स्थानकही येते, हे ध्यानात असू द्या.) खिडकीशी बसून आठवणारे पात्र काहीच करत नसते, ते नुसते लेखकाच्या वतीने पूर्ववृत्त वाचून दाखवत असते. कथा जिन्यावर सुरू करा. ज्या आठवणीमुळे मुलीचे पुढचे वाक्य बदलते तेवढीच ठेवा, बाकीच्या वेगळ्या वहीत जपून ठेवा, त्या दुसऱ्या कथेत उपयोगी पडतील.

धागाकर्ती, कोपरखैरणे

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री लोकलची चार पाने काढली आणि हाताला हलके वाटले. मुलीला सही हप्त्यांसाठीच हवी आहे, हे मला लिहिताना ठाऊक होते, पण ती वाईट दिसेल म्हणून मी ते लपवले होते.

‘साधी वस्तू’ शोधताना सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा दाखला, सुचले. ते आईच्या साड्यांच्या कपाटात, वर्तमानपत्राच्या घडीखाली ठेवलेले आहे. सचिवसाहेब, घर एकट्या आईच्या नावावर असेल आणि वडिलांनी अजून काहीच केले नसेल, तर त्यांच्या संमतीचे काय होते?

जुना सचिव, नौपाडा

तर त्यांचे मत अजून धरलेच जाणार नाही. आईच्या मृत्यूचा दाखला जोडून ते घर आपल्या नावावर करण्याचा अर्ज त्यांना आधी सोसायटीला द्यावा लागेल आणि मग समिती त्यांना दाखल करून घेईल. आमच्याकडे अशी एक फाईल वर्षभर अडली होती आणि आम्ही सगळे त्या गृहस्थांना पुनर्विकासाचे फायदे समजावत बसलो होतो. त्यांना संमतिपत्राची काहीच अडचण नव्हती. पत्नीचे नाव कमी करण्याच्या अर्जावर त्यांचा हात चालत नव्हता.