१८० बेड, एक डाएटिशियन: वाढीव पदासाठी आकडे कसे मांडायचे?

ट्रेमागची:
आमच्याकडे १८० बेड आणि डाएटिशियनची दोन पदं. सहकारी प्रसूती रजेवर गेली, त्याला अडीच महिने झाले. बदली माणूस मागितला की उत्तर ठरलेलं: "दोघींचं काम तुम्ही एकट्या निभावताच आहात की!"

काल वहीत मांडून बघितलं. नवीन रुग्ण ९, प्रत्येकी अर्धा तास. फॉलोअप १४, प्रत्येकी १२ मिनिटं. डिस्चार्जचं समुपदेशन ६ जणांचं, प्रत्येकी पंधरा मिनिटं. बेरीज ५२८ मिनिटं. जेवण, मीटिंग वगळून माझ्या हातात असतात ३९०. आणि यात किचनचे फोन धरलेलेच नाहीत. डाएट शीट खाली पाठवून वॉर्डात पोचते तोवर फोन येतो, "सात नंबर एनबीएम (तोंडानं काही द्यायचं नाही) होता ना? ऑपरेशन पुढं गेलंय, ट्रे पाठवा."

बेडमागे किती डाएटिशियन हव्यात, असा आकडा प्रशासनापुढे ठेवून कुणाला पद मिळालंय का?

जुनी_खोड:
ताई, बेड मोजत बसू नका. आयसीयूचे दहा बेड आणि प्रसूती वॉर्डाचे दहा बेड सारखे कसे? मिनिटं लिहिताय ते बरोबर आहे, दोन आठवडे नेटानं लिहा. पण खरा रकाना 'राहिलेले'चा. रेफरल कधी आला, रुग्ण कधी बघितला, मध्ये किती तास गेले. आपण दमलो हे वरच्यांना दिसत नाही, राहिलेलं काम दिसतं.

आणि उशिरापर्यंत थांबून सगळं उरकू नका. मी सात वर्षं तेच केलं. रजिस्टरमध्ये रोज सगळं झालेलं, मग दुसरं पद कोण कशाला देईल?

रात्रपाळीची_सिस्टर:
रुग्ण दाखल होतानाचं स्क्रीनिंग आमच्याकडे द्या. 'मस्ट'मध्ये, म्हणजे कुपोषणाचा धोका मोजायच्या गुणपत्रकात, तीनच गोष्टी बघायच्या: बीएमआय, गेल्या ३ ते ६ महिन्यांत आपोआप घटलेलं वजन, आणि गंभीर आजारात ५ दिवसांहून जास्त पोटात काही गेलेलं नाही किंवा जाणार नाही, असं आहे का. गुण २ किंवा जास्त आले की तुम्हाला कळवू. फक्त यानं काम हलकं होईल या भ्रमात राहू नका. आम्ही सुरू केलं तेव्हा रेफरल वाढलेच. आधी ते रुग्ण कुणाच्या नजरेलाच पडत नव्हते!

ट्रेमागची:
सिस्टर, अगदी हेच झालं. शनिवारी संध्याकाळी एक आजोबा आले, ४८ किलोचे, बारा दिवस पोटात जवळजवळ काही नाही. रविवारी मला सुट्टी. आरटी फीड (नाकातल्या नळीतून आहार) पहिल्याच दिवशी १४०० कॅलरीनं सुरू झालं. अशा रुग्णाला किलोमागे फार तर १० कॅलरीनं सुरुवात करायची, म्हणजे ४८०, आणि त्याआधी थायामिन (बी१ जीवनसत्त्व). नाहीतर उपाशी शरीराला एकदम आहार मिळून रक्तातलं फॉस्फेट धोकादायक घसरतं. सोमवारी फॉस्फेट १.१, फारच कमी. वेळीच सापडलं, निभावलं. पण रविवारी डाएटिशियन नाही हे कोणत्या रकान्यात लिहू?

मेडिसिनवाला:
'राहिलेले'मध्येच, लाल शाईनं. प्रस्तावाला २०१९ चा 'एफर्ट' अभ्यास जोडा. स्वित्झर्लंडमधली ८ रुग्णालयं, कुपोषणाचा धोका असलेले दोन हजारांवर रुग्ण. डाएटिशियननी प्रत्येकाचा वेगळा आहार आखला त्या गटात ३० दिवसांतले मृत्यू ७ टक्के, नेहमीचं जेवण मिळालेल्यांत १० टक्के. अधीक्षक डॉक्टर असतील तर मिनिटांआधी हेच वाचतील. आणि फॉस्फेटचा तो रिपोर्ट, नाव झाकून, पहिल्या पानावर.

ट्रेमागची:
रजिस्टर आजपासून सुरू. 'राहिलेले' ४, त्यातला एक आयसीयूचा. पाचला निघायचं ठरवलं होतं, सहा वाजले. सात नंबरचं ऑपरेशन पुन्हा लागलं आणि ट्रे परत आला.