"मार्गदर्शक सूचना बदलल्या" म्हणतात, पण कधी आणि कुणी? ग्राम सडक योजनेचा कागद कसा मिळवायचा

तेरणाकाठ (प्रश्न)

रामराम मंडळी. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत एक तांडा आहे. डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटरच्या वर अंतर, मधे ओढा, सगळी काळी जमीन. पावसाळ्यात ट्रॅक्टरही रुततो, बाळंतिणीला खाटेवर आणावं लागतं. ग्रामसभेचा ठराव घेऊन प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेसाठी नाव पाठवलं होतं. यादीत नाव नाही. विचारलं तर तोंडी उत्तर मिळालं, की मार्गदर्शक सूचना बदलल्या, तांडा निकषात बसत नाही.

या सूचना नेमक्या कुठं असतात? बदलण्याआधी लोकांना विचारणं बंधनकारक आहे का? आणि आमचा तांडा कोणत्या कलमामुळं वगळला, हे लेखी कसं घ्यायचं? माहितीचा अधिकार वापरायचा तर अर्ज कुणाकडं?

शिवारफाटा

दादा, तोंडी उत्तराला काही किंमत नाही, ते आधी कागदावर आणू. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. "मार्गदर्शक सूचना" या नावाखाली कार्यालयात किमान तीन वेगळे कागद फिरतात आणि ते तीन वेगळ्या ठिकाणी जन्मतात.

पहिला कागद केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयाचा, म्हणजे मूळ सूचना आणि त्यावर वेळोवेळी काढलेली परिपत्रकं. दुसरा राज्याचा शासन निर्णय, ज्यानं त्या सूचना इथं राबवायच्या कशा, समित्या कोणत्या, हे ठरतं. तिसरा जिल्ह्याचा: निकष लावून तयार केलेली यादी, वस्तीनिहाय प्रपत्र आणि ती मंजूर केल्याचं इतिवृत्त. तुमचा तांडा गळाला तो बहुतेक तिसऱ्या कागदावर, आणि दोष टाकला जातोय पहिल्यावर.

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागनिहाय सापडतो. प्रत्येकाला १८ अंकी संकेतांक असतो आणि त्याची सुरुवात तारखेनं होते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कुणी छापील प्रत दाखवली आणि तिच्यावर संकेतांक नसेल तर तो मसुदा आहे की अंतिम, ते आधी विचारा. वरच्या भागात "वाचा" म्हणून जी यादी असते ती सोडू नका. आधीचे निर्णय, केंद्राची पत्रं क्रमांक आणि तारखेसह तिथंच असतात, म्हणजे मागचा सगळा माग तिथून काढता येतो. शेवटी बऱ्याचदा "वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये सहमतीने" असं लिहिलेलं असतं. तो क्रमांक टिपून ठेवा. निर्णय का बदलला याची टिपणी मागताना तोच उपयोगी पडतो.

आणि शुद्धिपत्रक, पूरकपत्र वेगळं शोधा. मूळ निर्णय वाचून लोक थांबतात, पण निकषातला आकडा नंतरच्या एका पानी शुद्धिपत्रकानं बदललेला असतो.

गोदापट्टा

वरच्या प्रतिसादात भर घालते. धाराशिव जिल्हा असेल तर प्रकरण फारच महत्त्वाचं आहे.

योजनेच्या चौथ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२४-२५ ते २०२८-२९, ६२,५०० किलोमीटर रस्ते, रस्ता नसलेल्या २५,००० वस्त्या. पात्रता २०११ च्या जनगणनेवर. सपाट प्रदेशात ५०० आणि त्याहून जास्त लोकसंख्या. मात्र राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग आणि आकांक्षित (म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्रानं निवडलेले) जिल्हे व तालुके यांच्यासाठी २५०. महाराष्ट्रात आकांक्षित जिल्हे चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. म्हणजे मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांपैकी तुमच्या एकाच जिल्ह्याला पूर्ण जिल्हा म्हणून २५० चा निकष लागतो. नांदेडमध्ये किनवटकडची पाचव्या अनुसूचीतली गावं याच सवलतीत येतात. त्यामुळं पहिला प्रश्न हाच: तुमच्या तांड्याला ५०० लावले की २५०? जुन्या टप्प्याचा आकडा डोक्यात ठेवून प्रपत्र भरलं गेलं असेल तर ३०० लोकांचा तांडा सरळ बाहेर फेकला जातो.

दुसरं, तुमचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यात गेला होता? तिसरा टप्पा २०१९ चा, १,२५,००० किलोमीटरचा, आणि तो अस्तित्वात असलेल्या रस्त्यांच्या दर्जावाढीसाठी होता. बाजारपेठ, उच्च माध्यमिक शाळा, दवाखाना यांना जोडणारे मुख्य रस्ते त्यात गुण देऊन निवडले. जिथं रस्ताच नाही तो तांडा त्या टप्प्यात बसायला वावच नव्हता. तुम्हाला दिलेलं उत्तर त्या काळातलं असेल तर आता पुन्हा मागणी करता येते.

तिसरी अडचण जनगणनेची. जनगणना महसुली गावाचा आकडा देते, वाडी-तांड्याचा वेगळा नाही. मग तांड्याची लोकसंख्या कुणीतरी गावाच्या आकड्यातून काढलेली असते. कशावरून काढली तो कागद मागा. मूळ सूचनांत ५०० मीटरच्या परिघातल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते अशी तरतूद आहे. शेजारची वस्ती वेगळी मोजून दोन्ही अपात्र ठरवल्या का, तेही बघा. तसंच बारमाही रस्त्यापासून किमान ५०० मीटर अंतर हवं. तुमचं दीड किलोमीटर आहे, पण नकाशावर तांड्याचा बिंदू गावठाणावरच टाकलेला असला तर संगणकात अंतर शून्य दिसतं. योजनेचे नकाशे आणि रस्त्यांची माहिती केंद्रानं खुली केलेली आहे, बिंदू स्वतः तपासा.

तेरणाकाठ

ताई, २५० चा मुद्दा इथं कुणीच सांगितला नव्हता. तांड्यात मतदारच दोनशेच्या वर आहेत. आता अर्ज कसा लिहू?

शिवारफाटा

मतदारांचा आकडा आधाराला ठेवा, पण निकष २०११ च्या जनगणनेचा आहे. तेव्हाचं काही सापडतं का बघा: अंगणवाडीचं सर्वेक्षण, ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणी.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. राज्याच्या नियमानं एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. हे मोडलं की अर्ज परत यायला कारण मिळतं. "का वगळलं?" असा प्रश्न विचारू नका. कार्यालयाकडं जो कागद आहे तोच द्यायचा, नवं स्पष्टीकरण तयार करून द्यायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि "प्रश्नार्थक माहिती" म्हणून अर्ज निकाली निघतो. कागद मागा. साधारण असं:

"विषय: प्रधानमंत्री ग्राम सडक योजना टप्पा ४, अमुक तालुक्यातील वस्त्यांची निवड. कालावधी: १ सप्टेंबर २०२४ ते आजपर्यंत. माहितीचे वर्णन: तालुक्यातील पात्र व अपात्र वस्त्यांची यादी, लोकसंख्या, अंतर व अपात्रतेच्या शेऱ्यासह, ही यादी करताना आधार घेतलेल्या मार्गदर्शक सूचना, परिपत्रके व शासन निर्णय यांच्या प्रती, अमुक तांड्याची लोकसंख्या निश्चित केल्याच्या कागदपत्रांच्या प्रती, यादीस मान्यता दिलेल्या बैठकीचे इतिवृत्त, अमुक ग्रामपंचायतीच्या ठरावावरील कार्यवाहीच्या टिपणीची प्रत."

हा अर्ज जिल्ह्याच्या योजनेच्या कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडं. काही भाग त्यांच्याकडं नसेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणं पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं पाठवणं त्यांचं काम आहे. मंत्रालयाच्या परिपत्रकांसाठी मात्र केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर वेगळा अर्ज टाका, तिथं ५०० शब्दांपर्यंत सवड आहे.

मुदत ३० दिवस. प्रतींच्या शुल्काचं पत्र आलं की पैसे लगेच भरा, कारण पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये पहिलं अपील, २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं.

मांजरा_खोरे

लोकांना विचारणं बंधनकारक आहे का, हा मूळ प्रश्न राहिलाच. नियम आणि मार्गदर्शक सूचना यांत इथं मोठा फरक आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ खाली नियम करायचे तर कलम २१२ प्रमाणं आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती-सूचनांची तारीख द्यावी लागते, आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. एसटीसाठी मार्ग राखून ठेवण्याची योजना काढली तरी कलम १०० मध्ये ३० दिवसांत हरकत घेता येते. पण मार्गदर्शक सूचनांना हा दरवाजा नाही. ओला-उबरसारख्या कंपन्यांबाबत केंद्रानं २०२० मध्ये सूचना काढल्या, २०२५ मध्ये त्या बदलल्या. राज्यानं त्यावरून स्वतःचे नियम करायचे म्हटलं की मगच मसुदा आणि हरकती येतात. ग्राम सडक योजना तर कोणत्याही कायद्याखालची नाही, ती निधीची योजना आहे. तिथं हरकतीचा कायदेशीर टप्पाच नसतो.

केंद्रानं २०१४ मध्ये मसुदे किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवण्याचं धोरण घेतलं, पण ते कायदे आणि नियमांसाठी, केंद्राच्या मंत्रालयांना. राज्याच्या शासन निर्णयाला ते आपोआप लागू होत नाही.

तरी हात रिकामे नाहीत. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ग) सांगतं, की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सगळी संबंधित तथ्यं प्रसिद्ध करावीत. ४(१)(घ) प्रमाणं निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची. तुम्हाला "का" विचारायचं असेल तर या कलमाचा हवाला देऊन साधं पत्र लिहा, माहितीचा अर्ज वेगळा ठेवा. आणि ४(१)(ख) च्या १७ मुद्द्यांत सातवा मुद्दा आहे: धोरण ठरवताना लोकांशी विचारविनिमय करण्याची काय व्यवस्था आहे. हा मुद्दा कार्यालयांच्या बहुतेक फलकांवर "लागू नाही" म्हणून सोडलेला दिसतो, आणि मला तो या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. दुसऱ्या अपिलात कलम १९(८)(क) खाली ही माहिती प्रसिद्ध करण्याचा आदेश मागता येतो. कलम ४(४) स्थानिक भाषेचाही विचार करायला सांगतं. इंग्रजी सूचना तांड्यावर कोण वाचणार? मराठी प्रत मागा.

गोदापट्टा

दोन गोष्टी राहिल्या. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. त्या काळातल्या याद्यांना सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मिळणार नाही, म्हणून अर्जात "इतिवृत्त किंवा प्रशासकांचा ठराव" असं लिहा. नुसतं "इतिवृत्त" लिहिलं तर "अभिलेख उपलब्ध नाही" एवढंच उत्तर येतं आणि दोन महिने अपिलात जातात.

दुसरं, प्रती मागण्याआधी अभिलेख पाहून घ्या. नोव्हेंबर २०१८ च्या राज्याच्या परिपत्रकानं जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अवलोकनाची वेळ ठेवली आहे. दोघंजण जा. एकानं फाइल चाळायची, दुसऱ्यानं पान क्रमांक आणि जावक क्रमांक लिहून घ्यायचे. तांड्याच्या नावापुढचा शेरा सापडला की त्याच पानाची साक्षांकित प्रत मागा. शेऱ्यात "लोकसंख्या ५०० पेक्षा कमी" असं असेल तर २५० च्या निकषाचा उतारा जोडून फेरतपासणीचा अर्ज थेट कार्यकारी अभियंत्याला द्या, प्रत जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. त्यासाठी माहिती अधिकाराचं उत्तर येईपर्यंत थांबू नका, कारण याद्या तुकड्या-तुकड्यांनी केंद्राकडं जातात आणि पुढच्या तुकडीत नाव घालणं मंजूर झालेली यादी उघडण्यापेक्षा खूप सोपं असतं.

तेरणाकाठ

येत्या सोमवारी जातो. तांड्याचा नकाशावरचा बिंदू आज बघितला, तो खरंच गावठाणात आहे. त्याचं चित्र काढून अर्जाला जोडू का?

गोदापट्टा

हो, जोडा. सोबत तांड्यावर उभं राहून मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश आणि तारीख असलेला फोटो द्या, आणि ग्रामसेवकाची सही घ्या. बिंदूची दुरुस्ती हा वेगळा विषय आहे, फेरतपासणीच्या अर्जात घाला. माहितीच्या अर्जात मिसळू नका.