मदत हवी आहे: कॅमेऱ्याची बॉडी बदलू की लेन्स घेऊ?

कॅनन १५००डी आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स. सोलापूरच्या गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) होम मैदानावर संध्याकाळी फोटो काढले तर पूर्ण झूमला, म्हणजे ५५ला, अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडतं तो आकडा, लहान तितका उजेड जास्त) ५.६च्या खाली येईना, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० करूनही शटर १/६० सेकंदच, बाराबंदीतल्या (पांढऱ्या पारंपरिक अंगरख्यातल्या) माणसांचे चेहरे सगळे हललेले आणि वर दाणे दाणे. ट्रायपॉड लावला, पण हलणाऱ्या माणसांना त्याचा काय उपयोग, आणि त्या गर्दीत तो उभा करायला जागा तरी कुठंय! रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढून नॉइज, म्हणजे ते दाणे, कमी केला तर चेहरे मेणासारखे दिसतात. फ्लॅश नकोय.

बजेट ३० हजार, सेकंडहँड चालेल. जुनी ६डी (कॅननचीच मोठ्या सेन्सरची, फुल-फ्रेम बॉडी) बघतोय पण तिला ही लेन्स बसत नाही, म्हणजे परत लेन्सचा खर्च आलाच. ५० एमएम १.८ स्वस्त आहे पण माझ्या बॉडीच्या लहान सेन्सरवर ती ८०सारखी दिसते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं. गर्दीत मागं सरकायला जागा नसते, तर ५० पुरेल का ३५ एफ/२ शोधू?