मदत हवी आहे: थ्री बीएचके विकून टू बीएचकेत जावं का?

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको करत होते. मोठं झालंय, पण आकडे आणि घरातली परिस्थिती दोन्ही सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

आम्ही पुण्याजवळ वाकडला राहतो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. ऑक्टोबर २०२१ मध्ये ९८ लाखांचा थ्री बीएचके घेतला. त्यासाठी ७५ लाखांचं कर्ज काढलं, २० वर्षांसाठी, ६.७५ टक्क्यांनी. हप्ता ५७,०२७. तेव्हा रेपो रेट (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ४ टक्के होता आणि आमचं कर्ज त्यालाच जोडलेलं. दर वाढू शकतो हे वाचूनच सही केली होती. पण मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो चढत चढत साडेसहावर गेला आणि आमचा दर ९.२५ झाला. बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवत राहिली. एप्रिल २०२३ चं स्टेटमेंट मी अजून ठेवलंय. ५७,०२७ मधले ५६,४०० च्या आसपास व्याजात गेले, मुद्दल फिटलं सहाशे रुपये आणि काही. त्या महिन्यात गॅस सिलिंडरला आम्ही त्याहून जास्त पैसे दिले होते.

मग बँकेनेच हप्ता ६४,९४० केला आणि मुदत एप्रिल २०४५. नवरा तेव्हा साठीचा असेल. आम्हाला कुणी विचारलं नाही, नुसता मेसेज आला. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये निघाला.

आजवर आम्ही साधारण ३१ लाख ७० हजार भरले. शिल्लक आहे ६९ लाख ६० हजार. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला, त्यामुळे आता दर ८ टक्के आहे. हप्ता असाच ठेवला तर २०४१ च्या शेवटी कर्ज संपेल. म्हणजे पूर्वीपेक्षा बरं आहे, हे मला कळतं. हप्ता एकदाही चुकलेला नाही. त्यामुळे घरात कुणाला अडचण दिसतच नाही.

दोघांचे मिळून हातात १ लाख ५३ हजार येतात, त्यातले माझे ४८. हप्ता गेला की गाडीच्या कर्जाचे १४,२०० (ऑगस्ट २०२७ पर्यंत), लेकीची शाळा महिन्याला धरली तर १० हजार आणि बस वेगळी, पाळणाघर ११ हजार, मेंटेनन्स साडेपाच, पोळ्यांच्या मावशी पाच. मग किराणा, पेट्रोल, सासूबाईंची औषधं, दहा हजारांची एसआयपी. महिनाअखेर दोनेक हजार उरतात. टॅक्स वाचतो म्हणावं तर आम्ही दोघं नव्या करप्रणालीत आहोत, तिथे राहत्या घराच्या व्याजाची सूट मिळत नाही.

आता खरं सांगायचं ते.

मी भोसरीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सहाला सुटते. पाळणाघर साडेसातला बंद होतं. मागच्या महिन्यात नाशिक फाट्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकले आणि पोचायला पावणेआठ झाले. पाळणाघराच्या काकू कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. मुलगा पायरीवर बसला होता, बूट घालून, दप्तर पाठीला, पाण्याची बाटली गळ्यात. रडत नव्हता. काकू म्हणाल्या, सात वाजल्यापासून असाच तयार होऊन बसलाय. घरी येऊन कुकर लावेपर्यंत तो सोफ्यावर झोपून गेला. त्याला झोपेतच वरणभात भरवला. अशा संध्याकाळी आठवड्यात दोन तरी असतातच. लेकीचा अभ्यास मी रात्री साडेनऊला घेते, तेव्हा ती पेंगत असते आणि मी चिडलेली असते.

तिसरी बेडरूम आम्ही सासूबाईंसाठी घेतली होती. त्या कराडजवळ गावी राहतात, ऊस आणि थोडी हळद आहे, आणि तिथेच त्यांना बरं वाटतं. वर्षातून दिवाळीला आणि मे महिन्यात मिळून तीन आठवडे येतात. एरवी त्या खोलीत कपडे वाळत घालायचा स्टँड असतो. परवा तिथून कपडे काढताना वाटलं, या खोलीचा हप्ता फेडायला मी रोज साडेदहा तास घराबाहेर असते.

चिंचवडला एका सीएंच्या ऑफिसात मला पाच तासांचं काम मिळतंय, २६ हजार. मुलाला शाळेतून थेट घरी आणता येईल, पाळणाघराचे निदान सात हजार वाचतील. म्हणजे खड्डा पडतो महिन्याला १५ हजारांचा.

हे सासूबाईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, अठरा गुंठे विकू, जमीन काय मी वर घेऊन जाणार आहे? सोळा लाख येतील. ते कर्जात भरून मुदत तीच ठेवली तर हप्ता ५० हजारांवर येतो. बरोबर १५ हजार कमी. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याचा दंडही नाही. नवरा म्हणाला, बघ, सुटला प्रश्न.

मला हे पटत नाही. त्या जमिनीवर त्या जगतात, नुसत्या पैशाने नाही. आणि सातबाऱ्यावर दोन्ही नणंदांची नावं आहेत. त्या सही देतील, मायेने देतील, पण आमच्या बेडरूमसाठी त्यांचा वाटा का जावा?

माझं म्हणणं, हा फ्लॅट विकावा. आमच्याच सोसायटीत आत्ता एक १ कोटी २० लाखांना गेला. कर्ज आणि एजंटची दलाली वजा जाता ४९ लाख हातात येतील. रावेत-पुनावळेकडे ७५ लाखांत टू बीएचके मिळतो. माझ्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के. सगळं धरून कर्ज राहील ३३ लाखांचं, १५ वर्षांचा हप्ता साडेएकतीस हजार. नवरा म्हणतो, लोक टूमधून थ्रीमध्ये जातात, आपण उलटं का जायचं? त्याचे वडील लवकर गेले, तो पुण्यात कॉट बेसिसवर राहून शिकला. हे घर त्याने किती मनापासून घेतलंय हे मला माहीत आहे, म्हणून मी भांडू शकत नाही.

ज्यांनी मोठं घर विकून लहान घेतलं त्यांनी कृपया सांगा, मुलांना किती जड गेलं? नवरा-बायकोत पुढे त्यावरून कटुता आली का? आणि बायांनो, ज्यांनी चाळिशीच्या आसपास पूर्ण वेळची नोकरी सोडून अर्धवेळ धरली, तुम्हाला परत पूर्ण वेळ मिळाली का?

---

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या लोकांनी लिहिलं. एकत्रच उत्तर देते.

गाडी विका असं तिघांनी लिहिलंय. विचार केला, पण आत्ता विकली तर कर्ज वळतं होऊन हातात फार काही येत नाही, आणि पावसात दोन मुलांना दुचाकीवर नेणं मला झेपणार नाही. एसआयपी थांबवा हे पटलं, निम्मी करतोय. "आईवडिलांनी चाळीत पाच जण वाढवले" हेही खरं आहे, पण माझ्या आईच्या चाळीत शेजारी मूल ठेवायला माणसं होती. मला ती अकरा हजार देऊन विकत घ्यावी लागतात.

बँकेत जाऊन बोला, असं ज्यांनी समजावून लिहिलं त्यांचे विशेष आभार. सोमवारी अर्धी रजा टाकून गेले. बँकेने तेव्हा केलेली २०४५ ची मुदत कायम ठेवली तर हप्ता आत्ताच ५९ हजारांच्या आसपास येतो, हे मला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. दर उतरल्यावर त्यांनी परस्पर मुदतच कमी केली होती. स्प्रेड, म्हणजे रेपोच्या वर बँक लावते तो टक्का, कमी करून मिळेल का, तेही विचारलंय, त्याला थोडी फी आहे. लेखी अर्ज देऊन पोच घेतली. कायमचा उपाय नाही हा, व्याज जास्तच जाणार. पण वर्षभर श्वास घ्यायला बरं.

विकताना भांडवली नफ्यावर कर बसेल का, असं एकाने विचारलं होतं. ती रक्कम दोन वर्षांच्या आत दुसऱ्या घरात घातली तर करात सूट मिळते. आमच्या सीएंना विचारून खात्री केली.

आता घरातलं. रविवारी दुपारी मुलं झोपल्यावर मी नवऱ्यापुढे ते एप्रिल २०२३ चं स्टेटमेंट ठेवलं. त्याने ते कधी नीट पाहिलंच नव्हतं, हप्ता खात्यातून आपोआप जातो. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आईला जमिनीचं नको म्हणून सांगतो. एवढं म्हणाला, तेवढ्यावर मला फार बरं वाटलं. फ्लॅट विकण्याबद्दल अजून हो म्हणालेला नाही, पण बघायला यायला तयार आहे. लेकीला विचारलं तर तिची एकच अट, सायकल चालवायला जागा हवी आणि शाळा बदलायची नाही. रावेतहून तिची बस येते, ते मी शाळेत विचारून घेतलं.

शनिवारी दोन घरं बघायला जातोय, दोन्ही रिसेल. त्या बाजूला टँकरवर सोसायट्या चालतात असं ऐकते. मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च धरलेला असतो की वेगळा मागतात? उन्हाळ्यातली मागची बिलं बघायला मागितली तर सोसायटीचे सेक्रेटरी दाखवतात का? तिकडे राहणाऱ्या कुणी शुक्रवारपर्यंत लिहिलं तर फार मदत होईल.